पिंजऱ्यावर काळ्या शिंपल्या चढल्यात, मोरचूद किती टाकू?

अजिबात टाकू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमचा प्रश्न वाचून वाटलं की पोतं आणून ठेवलंय आणि कुणीतरी 'हो' म्हणायचीच वाट बघताय. आता निवांत सांगतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सिंधुदुर्गातली खाडी, गटाचे सहा पिंजरे, त्यात जिताडा मासा, शेजारी बांबूच्या मांडवाला कालवांच्या माळा. गेल्या पावसाळ्यानंतर जाळ्यांवर, पिंपांवर आणि कालवांवरसुद्धा बोटाच्या पेराएवढ्या काळपट शिंपल्यांचा थर चढायला लागलाय. आधी जाळं उचलायला दोघे पुरायचे, आता चौघे लागतात. कुणीतरी सांगितलं की ही परदेशी जात आहे, जहाजांबरोबर आली, मोरचूद (कॉपर सल्फेट) नाहीतर ब्लीचिंग पावडर टाकली की मरते, आणि तुम्हाला फक्त प्रमाण हवंय.

मी वीसेक वर्षं याच विषयात आहे, म्हणजे बंदरात, जेटीवर, बोटीच्या बुडाला, पिंजऱ्याला काय काय चिकटतं ते खरवडणं, मोजणं आणि मालकाला वाईट बातमी सांगणं. आमच्यात याला फाउलिंग म्हणतात. या अनुभवावरून सांगतो की 'किती टाकू' हा तुमचा खरा प्रश्न नाहीये. ही शिंपली नक्की कोण आहे, तुमचं पाणी बंद करता येतं का, आणि तुमच्याकडून ती पुढे कुठल्या खाडीत जाणार आहे, हे खरे प्रश्न. तिसरा तर कुणी विचारतच नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ओळखीपासून सुरू करू. तुम्ही टाकलेला फोटो ओल्या जाळ्याचा आहे, त्यावरून देवालाही सांगता येणार नाही. 'परदेशी शिंपली आली' म्हणून मला एकदा एका पिंजरेवाल्याने बोलावलं होतं, जाऊन बघतो तर शिनाण्यांची, म्हणजे आपल्याच खायच्या हिरव्या शिंपल्यांची पोरं! वर्षभर ठेवली असती तर विकून पैसे झाले असते, याने अर्धी खरवडून फेकून दिली होती. तेव्हा आधी एक झुबका काढा, धुवा, सुकवा आणि चार-पाच शिंपल्या उघडून बघा. कडेला हिरवी झाक असेल आणि महिन्यागणिक भराभर वाढत असेल तर शिनाणं असायची शक्यता जास्त, ते पुढे आठ-दहा सेंटीमीटर होतं. कवचावर उभ्या बारीक रेघा-खाचा हाताला लागत असतील तर आपल्याच खडपावरच्या बारक्या शिंपल्यांपैकी काहीतरी असेल. वर्ष झालं तरी अडीच-तीन सेंटीमीटरच्या पुढे जात नसेल, रंग मळकट तपकिरी असेल आणि उघडल्यावर आत टोकदार बाजूला कोपऱ्यात मांडणी ठोकावी तशी छोटीशी फळी दिसत असेल तर मायटिलॉप्सिस सालेई या परदेशी जातीचा संशय घ्यायचा. आणि कवच पातळ, गुळगुळीत, एकाच झुबक्यात कुणी काळी, कुणी कॉफीच्या रंगाची, कुणी हिरवट, कुणावर वेड्यावाकड्या रेघा, आतून जांभळट चमक, असं असेल तर मायटेला स्ट्रिगाटा ही दुसरी परदेशी जात. संशय म्हणतोय हां, खात्री नाही. खात्रीसाठी वीस-पंचवीस नग स्पिरिटमध्ये बुडवून (फॉर्मालिनमध्ये नको, मग डीएनए काढणं अवघड होतं) बाटलीवर जागा, तारीख आणि खोली लिहून रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, सीएमएफआरआयचं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं) जवळचं केंद्र किंवा गोव्यातली दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, यांच्यापैकी कुठेही पाठवा.

पावसाळाही थोडीफार ओळख पटवतो. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीचं पाणी गोडं झालं की आतल्या भागातली शिनाणी मरतात हे तुम्ही बघितलं असेल. मायटिलॉप्सिस मात्र जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्रापेक्षा खारट पाण्यापर्यंत सगळं सोसते, मायटेलाही कमी खारटपणात तग धरते. म्हणजे पावसाळा जागा रिकामी करून देतो आणि जी मेली नाही ती ऑक्टोबरात आयत्या जागेवर पसरते. तुमचं 'गेल्या पावसाळ्यानंतर' वाचून माझे कान टवकारले ते यामुळेच.

या दोघींचा इतिहास सांगतो, कारण काय करता येतं आणि काय नाही ते त्यातूनच कळतं. मायटिलॉप्सिस मूळची कॅरिबियन बाजूची. आपल्याकडे १९६७ साली विशाखापट्टणमला सापडली, सत्तरच्या दशकात मुंबईच्या गोद्यांमध्ये नोंद झाली, आणि तिथून ती काही गेली नाही. हीच शिंपली मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला सापडली. तिथल्या कलन बे नावाच्या मरीनात, म्हणजे हौशी बोटी बांधायच्या बंदिस्त गोदीत, पाणबुड्यांना चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त शिंपल्या दिसल्या. आणि सप्टेंबर १९९८ मध्ये, म्हणजे फक्त सहा महिने आधी, तिथेच पाहणी झाली होती तेव्हा एकही नव्हती. ही शिंपली महिन्याभरात वयात येते आणि एक मादी हजारोंनी अंडी सोडते, तेव्हा सहा महिने म्हणजे तिच्या कित्येक पिढ्या झाल्या.

डार्विनवाल्यांनी काय केलं, तर तीन मरीनांचे दरवाजे बंद केले, आत शंभराहून जास्त टन ब्लीच आणि कित्येक टन मोरचूद ओतलं, आतलं जवळजवळ सगळं मारलं आणि तिथून बाहेर पडलेल्या शेकडो बोटी शोधून शोधून तपासल्या. वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर खर्च आला. आणि काम झालं! महिन्याभरात शिंपली संपली. समुद्रात पसरणारी परकी जात मुळासकट काढल्याच्या ज्या अगदी मोजक्या गोष्टी जगात आहेत त्यातली ही एक, आणि मोरचुदाचा सल्ला फिरत फिरत आपल्याकडे आला तो बहुतेक इथूनच. फक्त वाटेत दरवाजे गळून पडले. डार्विनला भरती-ओहोटीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणून तिथल्या मरीनांना दुहेरी लॉकगेट बसवलेली असतात, नाहीतर ओहोटीला बोटी चिखलात बसतील. त्या गेटांमुळे समुद्राचा तुकडा टाकीसारखा बंद करता आला. तुमच्या खाडीला गेट कुठाय?

हिशोबच करून बघा ना. खाडीचा एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि सरासरी तीन मीटर खोल तुकडा धरला तर तीन लाख घनमीटर, म्हणजे तीस कोटी लिटर पाणी झालं. लिटरला फक्त एक मिलिग्रॅम तांबं म्हटलं तरी ३०० किलो तांबं लागतं, आणि मोरचुदात तांबं साधारण पावपटच असतं म्हणजे सव्वा टनाच्या आसपास मोरचूद. तेही एकदा. सहा तासांनी ओहोटी ते घेऊन जाणार, भरती नवं पाणी आणि नवी पिल्लं घेऊन येणार, आणि मधल्या वेळात शिंपली काय करते तर तोंड मिटून बसते! तिला बंद राहता येतं, तुमच्या जिताड्याला येत नाही. कालवं तर तांबं अंगात साठवतात आणि हिरवी पडतात, मग ती घेणार कोण? शिवाय खाडीत विष टाकणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे आणि खालच्या अंगाला डोल जाळी लावणारे तुमचेच भाऊबंद आहेत.

तुमचं पाणी खरंच बंद असतं, म्हणजे बांध घातलेला कोळंबीचा तलाव असता, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. तिथेही मी औषध शेवटी सांगितलं असतं, आधी माल काढा, उपसा, तळाला भेगा पडेपर्यंत उन्हात तापू द्या.

मग केरळ. मायटेला मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवरची. कोचीच्या बॅकवॉटरमधून तिची शास्त्रीय नोंद २०१९ ची, पण कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावात तिने जे केलं ते बघण्यासारखं आहे. तिथली तिसऱ्यांची मासेमारी २०१४ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी देशातली पहिली होती, आणि काही वर्षांत त्याच तळावर या शिंपलीची गादी अंथरली गेली, तिसऱ्या आणि कालवं दोन्हींची जागा गेली. ओखी वादळ आणि २०१८ चा पूर यांच्याशी संशोधक याचा संबंध जोडतात. तिकडचे लोक तिला वरत्तन कक्क म्हणतात, वरत्तन म्हणजे बाहेरून आलेला. तमिळनाडूत एन्नोर-पुलिकतच्या बाजूलाही तीच, तिथे तळ असा झाकला गेला की कोळंबी मिळेना अशी मच्छीमारांची तक्रार, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. एवढं होऊनही दोन्हीकडे ती मुळासकट काढता आलेली नाही, कारण खुलं पाणी आणि उशिरा लागलेला पत्ता.

उशिरा म्हणजे किती, तर कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचं हिरवं शैवाल बघा. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखाली त्याचा तुकडा होता साधारण एक चौरस मीटर, एका माणसाने दुपारी उपटून टाकला असता तर विषय संपला असता. कुणी उपटला नाही, ते भूमध्य समुद्रात पसरलं. तेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियात दिसल्याबरोबर त्यांनी वर ताडपत्री अंथरून आत क्लोरीन सोडला, सहा वर्षं मागे लागले आणि सत्तर लाख डॉलरच्या वर घालवून २००६ मध्ये संपल्याचं जाहीर केलं. स्वस्त नाही पडलं, पण जमलं.

आता जहाजांचं. ते खरं आहे, पण अर्धंच. मालवाहू जहाज रिकामं असताना तोल राखायला पोटात समुद्राचं पाणी भरतं, त्याला बॅलास्ट म्हणतात, आणि ते दुसऱ्या बंदरात ओतताना त्यातली अंडी-पिल्लंही ओतली जातात. त्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, लागू झाला सप्टेंबर २०१७ मध्ये, आणि पाणी प्रक्रिया करूनच सोडायचं हा कडक नियम सप्टेंबर २०२४ पासून करारातल्या सगळ्या जहाजांना आहे. त्याच्या तयारीत जगातली सहा बंदरं निवडली होती त्यात मुंबई होती, पाहणी दोनापावलाच्या संस्थेने केली. पण जहाजाच्या बुडाला जे चिकटून येतं त्याला हा करार लागू नाही, त्यासाठी २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३ मध्ये सुधारली, पण ती ऐच्छिक. डार्विनची शिंपलीही बहुधा बोटीच्या बुडालाच चिकटून आली होती.

पण मला सांगा, तुमच्या खाडीत पनामाहून जहाज येतं का? नाही ना. मोठ्या बंदरापर्यंत आणायचं काम जहाज करतं, तिथून बारक्या खाड्यांपर्यंत आपणच पोचवतो. वाळू काढणारा ड्रेजर, महिनोन्महिने एका जागी उभा राहून मग हळूहळू दुसऱ्या जिल्ह्यात जाणारा बार्ज, वापरलेली पिंपं, जुने दोर, पिंजऱ्याचे सांगाडे, आणि बीज, म्हणजे वाढवायला आणलेली पिल्लं. जिताड्याचं बीज लांबून येतं, कालवांचं आणि शिनाण्यांचं बीज या खाडीतून त्या खाडीत जातं, पिशवीतल्या पाण्यात आणि माळेच्या दोरात काय काय लपलंय हे कोण बघतं?

इथे माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंदरातून भंगारात निघालेला तरंगता तराफा आम्ही एका खाडीतल्या प्रकल्पासाठी स्वस्तात घेतला. मी स्वतः बघितला, खरवडून घेतला, वर उन्हात चार दिवस ठेवला आणि पास केला. पिंपांच्या मधल्या फटीत, जिथे ऊन जात नव्हतं, तिथे ओला गाळ होता आणि गाळात जिवंत झुबके. वर्षभरात तो तराफा आणि शेजारचे खांब दोन्ही काळे. त्या खाडीत ती जात आधी नव्हती हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मला माझं उत्तर माहितीये. तेव्हापासून चार दिवस उन्हाच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, किमान दोन-तीन आठवडे आणि तेही सुटं करून.

तर तुम्ही काय करायचं. आजच्या आज दहा-बारा मंगलोरी कौलं शोधा, दोरीला बांधून पाण्याखाली मीटरभर टांगा, काही पिंजऱ्यापाशी, काही जेटीपाशी, काही खाडीच्या तोंडाकडे. दर पंधरा दिवसांनी उचलून एका वीतभर चौकोनात किती बसल्यात ते मोजा, वहीत लिहा, फोटो काढा. आम्ही लाखांचे पॅनेल वापरून हेच करतो, कौल त्याहून वाईट नाही. दोन-तीन महिन्यांत कळतं की पिल्लं कुठल्या महिन्यात बसतात, आणि तेच सगळ्यात कामाचं. बसल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ती ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान आणि नाजूक असतात, तेव्हा कालवांची माळ एक दिवस पाण्याबाहेर सावलीत टांगली तर पिल्लं बरीचशी मरतात आणि कालवं मिटून तग धरतात (आधी एका माळेवर करून बघा, एप्रिल-मेच्या उन्हात कालवंही शिजतात). गोड्या पाण्यात बुडवायच्या भानगडीत पडू नका, वर सांगितलं तसं या परक्या शिंपल्यांना त्याने फारसा फरक पडत नाही.

जाळ्यांचे दोन संच ठेवा. एक पाण्यात, एक किनाऱ्यावर वाळत, आणि बदल मोजणीप्रमाणे करा, जाळं जड व्हायची वाट बघून नाही. जाळी मिटली की आत प्राणवायू कमी पडतो आणि जिताडा खायचं सोडतो, तुमचं खरं नुकसान वजनापेक्षा तिथे आहे. पिंजऱ्यात थोडे काळुंदर मासे सोडलेत तर जाळ्यावरचं शेवाळ ते खरडून खातात आणि पिल्लांना बसायला जागा थोडी कमी मिळते, पण घट्ट झालेली शिंपली ते काही फोडत नाहीत.

आणि खरवड! हे मी दर वेळी ओरडून सांगतो आणि दर वेळी लोक जेटीवर बसून खरवडतात आणि पायाने खाडीत लोटतात. अशाने उलट पसरते, कारण तुटलेला झुबका दुसरीकडे जाऊन पुन्हा चिकटतो. खरवड भरतीच्या रेषेच्या वर, ताडपत्रीवर, आणि मग खड्ड्यात गाडायची. होड्यांच्या बाबतीत आपल्या जुन्या रिवाजाचं मला कौतुक वाटतं, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढून शाकारून ठेवली की बूड दोन महिने पाण्याबाहेर, यापेक्षा चांगला इलाज कुठल्या पुस्तकात नाही. अडचण त्या मोठ्या ट्रॉलरची आणि पिंजऱ्यांची आहे, जे पावसाळ्यातही पाण्यातच असतात.

खाऊन संपवता येईल का, असं खाली कुणीतरी विचारलंय. लायनफिशचं उदाहरण लोक देतात. आपल्या बाजूचा हा मासा १९८५ मध्ये फ्लोरिडाला दिसला आणि कॅरिबियनभर पसरला, तिथे पाणबुडे मारतात, हॉटेलं विकतात, आणि जिथे सतत मारतात तेवढ्या जागेत तो कमी राहतो, संपत नाही. शिंपलीचं मात्र वेगळं आहे, ती पाणी गाळून खाते आणि बंदराच्या, गटाराच्या पाण्यातलं जे असेल ते अंगात घेते, तपासणीशिवाय मी खाणार नाही. आणि एकदा बाजार मिळाला की कुणीतरी मुद्दाम दुसऱ्या खाडीत लावणार, हे मी माणसं ओळखून सांगतोय. निसर्गात कुणीतरी तिचा शत्रू येईल म्हणाल तर काळ्या समुद्रात तसं झालं, १९८० च्या दशकात आलेल्या नेमिऑप्सिस नावाच्या जेलीने (जेलीफिशसारखा प्राणी) मासळीचं पीक बुडवलं आणि १९९७ मध्ये तिला खाणारी दुसरी जेली आपसूक आली. पण मधली पंधरा वर्षं मच्छीमारांनी काय खाल्लं?

एक मात्र लक्षात घ्या, परकी म्हणजे वाईटच असं नाही. तुमच्या ताटातलं शिनाणं १९९९ मध्ये फ्लोरिडात टँपा बेच्या वीज केंद्राच्या पाइपांत सापडलं, तिकडे तेच उपद्रवी परकं. आणि जे पिंजरे, पिंपं, मांडव आपण उभे केले ती खाडीत पूर्वी नसलेली टणक जागा आहे, खाली पडणारं खाद्य हे खत आहे, स्थानिक जातही अशा ठिकाणी माजू शकते. म्हणून बाटली पाठवल्याशिवाय कुणाच्या नावाने बोंब मारू नका.

आता उलट मला तुमच्याकडून हवंय: गेल्या दोन वर्षांत पिंपं, दोर, बीज नवीन आणलंत का, कुठून, आणि खाडीत ड्रेजर किंवा बार्ज येऊन उभा होता का. सोबत सुकवलेली एक शिंपली आतल्या बाजूने, टोकाकडून जवळचा फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. ती मांडणीसारखी फळी आहे की नाही तेवढं स्पष्ट दिसू द्या. आणि मोरचुदाचं पोतं दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, नसेल तर पावसाळ्याआधी बागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला लागेलच.